शेवटचं पान नसलेली पुस्तकं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, तर एका गाळ्यात तीन भिंतींना छतापर्यंत भिडलेली फळकुटं, पुढे एक टेबल आणि टेबलामागे मालककाका. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी द्यायची आणि रोज एक पुस्तक, एक मासिक न्यायचं. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं. आतल्या पानावर जांभळा शिक्का : ‘पाने तपासून घ्यावीत. नंतर तक्रार चालणार नाही.’

पानं कोण तपासतो? संध्याकाळी शाळेतून आल्यावर धावत जायचं, काका पाठमोरे असताना नव्या आलेल्या गठ्ठ्यावर झडप घालायची आणि कंदिलाखालून पतंग पळावा तसं घरी पळायचं. मग रात्री साडेदहाला कळायचं की पुस्तक एकशे अठ्ठावीस पानांचं आहे आणि आपल्या हातात एकशे चोवीसच आहेत. खुनी कोण हे सांगायला गुप्तहेर दिवाणखान्यात उभा राहिला आहे, सगळी मंडळी जमली आहेत, आणि पुढे थेट मागचं कव्हर. सतत हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी सुटतात, त्याला कोणाचा इलाज नाही. काकांना विचारलं तर ते शिक्क्याकडे बोट दाखवायचे.

याच्या उलट प्रकारही होता. काही वाचकांना शेवट स्वतःपुरता ठेववत नसे. पहिल्याच पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं असायचं : ‘दिवाणजी.’ बस, एवढंच. दहाव्या पानावर दिवाणजी चहाचा ट्रे घेऊन आत आले की आपण हताशपणे मान हलवायची. त्या पेन्सिलवाल्याला मी आजही माफ केलेलं नाही.

शेवटचं पान नसलेल्या पुस्तकांवर मी एक उपाय शोधून काढला होता. गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूला ते पान मी स्वतः लिहायचो. पुढेमागे त्याच पुस्तकाची धड प्रत कुणाकडे मिळाली तर ताडून बघायचो. हा खेळ पाच-सहा वर्षं चालला आणि त्यात मला एक गोष्ट हळूहळू उमगली. काही लेखकांचं शेवटचं पान मला जवळजवळ बिनचूक लिहिता यायचं. काहींचं अर्धं यायचं. आणि दोघे-तिघे असे होते की त्यांच्या पानापुढे माझी वही पार तोंडावर आपटायची. मी लिहिलेला शेवट वाईट असायचा अशातला भाग नाही. तो शेवट त्या गोष्टीला लहान पडायचा. धड प्रत मिळून खरं पान वाचलं की वाटायचं, अरे, ही गोष्ट मुळात ‘कोणी केलं’ याची नव्हतीच. आपण भलताच प्रश्न सोडवत बसलो होतो.

त्यानंतर आधीच्या लेखकांकडे परत गेलं की पूर्वीची गोडी लागत नसे. मी काकांना म्हणालो, “काका, हल्ली याच्यात मजा येत नाही.” ते म्हणाले, “पुस्तक तेच आहे. तू बिघडलास.”

वाचकाच्या या बिघडण्याबद्दल हे पुस्तक आहे.

लोकप्रिय कथा-कादंबरी, म्हणजे रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा, साहसकथा, ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरी, यांच्याविषयी मराठीत दोन तऱ्हांनी बोललं जातं. एक तऱ्हा नाक मुरडण्याची. ‘टाइमपास’, ‘स्टॉलवरचं वाङ्मय’, ‘प्रवासात वाचायला ठीक.’ दुसरी तऱ्हा गहिवरण्याची. ‘आमच्या लहानपणी काय मजा होती!’ दोन्ही तऱ्हांमध्ये पुस्तक वाचलं जात नाही. मला तिसरंच काही विचारायचं आहे : ज्या वाचकाला फक्त करमणूक हवी होती त्याच्या मागण्या वाढल्या कशा? कुणी वाढवल्या? समीक्षकांनी तर नाहीत, कारण समीक्षक या दुकानात फिरकतच नव्हते. त्या वाढवल्या त्याच दुकानात माल ठेवणाऱ्या काही थोड्या लेखकांनी. वाचकाला उपदेश न करता, त्याच्या आवडीला नावं न ठेवता, त्याने मागितलेलीच वस्तू त्यांनी त्याच्या हातात ठेवली. फक्त ती इतकी कसून केलेली होती की पुढच्या खेपेला त्याला कमी प्रतीची चालेना.

या गोष्टीची सुरुवात करायची तर ‘करमणूक’ याच शब्दापासून करावी लागते.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘करमणूक’. या नावाकडे आपण पुरेसं थांबून पाहत नाही. पुण्यात त्या वेळी ‘केसरी’ होता, ‘सुधारक’ होता. म्हणजे सिंह होता आणि सुधारणा होती. त्यांच्या शेजारी सव्विशीतला एक माणूस घराघरात जाणारं पत्र काढतो आणि नाव ठेवतो करमणूक. मराठीतली पहिली थोर सामाजिक कादंबरी म्हणून जिचं नाव आपण घेतो ती ‘पण लक्षात कोण घेतो!’ याच पत्रातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः छापून आली. एखाद्या विद्वत्तापूर्ण ग्रंथमालेतून नाही, करमणुकीच्या साप्ताहिकातून, आठवड्याला थोडी थोडी.

तिच्या आधीच्या वाचकासमोर काय होतं? ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आलं होतं, पण त्याची वाट वेगळी होती. लोक आवडीने वाचत ते हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ असल्या कादंबऱ्या. राजपुत्र, राजकन्या, दुष्ट कारस्थानी, विरह आणि शेवटी सगळ्यांचं सगळं गोड. इंग्रजी येणाऱ्या तरुणांमध्ये रेनॉल्ड्सच्या लंडनच्या काळोख्या कथांचं वेड होतं. खुद्द हरिभाऊ त्या वेडातून गेले. कॉलेजात असताना त्यांनी ‘पुणे वैभव’मध्ये लिहिलेल्या ‘मधली स्थिती’वर रेनॉल्ड्सची छाया आहे, असं अभ्यासक सांगत आले आहेत. हे मला महत्त्वाचं वाटतं. हरिभाऊ लोकप्रिय कथेला तुच्छ लेखून वरून खाली उतरले नव्हते. ते तिच्या पोटातून आले होते. पुढच्या आठवड्याचा अंक वाचकाने हिसकावून घ्यावा म्हणून प्रकरण कुठे तोडायचं, हे त्यांना रेनॉल्ड्सनेच शिकवलं असणार.

पण प्रकरण तोडल्यावर त्यांनी वाचकाला कशाची वाट पाहायला लावली? राजकन्येची सुटका होते का, याची नाही. यमू नावाची एक पुण्याची मुलगी स्वतःच्या तोंडाने, बायका माजघरात बोलतात त्या बोलीत, आपली हकिगत सांगते आहे. तिचं माहेर, तिचं लग्न, सासरची माणसं, नवऱ्याबरोबर मुंबईला थाटलेला लहानसा संसार आणि मग वैधव्य, केशवपन. वाचकाला हवेत ते सगळे मसाले त्यात आहेत : दुष्ट माणूस आहे, छळ आहे, एका सुखाचा काळ आहे जो टिकणार नाही हे आधीपासून जाणवत राहतं. उत्कंठा तीच आहे. मात्र ती आता शेजारच्या घराविषयीची आहे. ‘मंजुघोषा’चा वाचक पुस्तक मिटून निश्चिंत झोपू शकत होता. ‘करमणूक’चा अंक मिटल्यावर त्याला स्वतःच्याच घरातल्या माजघराकडे बघावं लागत होतं. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी हरिभाऊंची वाङ्मयीन मैत्री होती. यमूच्या तोंडची भाषा इतकी खरी का, याचा थोडा उलगडा त्या मैत्रीतून होतो.

या कादंबरीचं शेवटचं पान फाडून टाकलं तरी तिचं काही बिघडत नाही, असं मला वाटतं. यमूचं काय होणार हे वाचकाला आधीच उमगलेलं असतं आणि तरीही तो पुढचं प्रकरण वाचतो. मराठी वाचकाच्या अपेक्षेत पडलेला पहिला मोठा फरक तो हाच. ‘पुढे काय’ याच्या जोडीला ‘हे असं का’ हा प्रश्न येऊन बसला आणि तो परत गेला नाही. हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ म्हटलं. या साध्या नावात सगळं आलं. गोष्टच सांगतोय, पण आजकालची.

तेच हरिभाऊ ‘उषःकाल’ लिहितात तेव्हा भुयारं, वेषांतरं, गुप्त निरोप यांची रेलचेल करतात. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. एकाच लेखकाकडून यमू आणि भुयार दोन्ही मिळाल्यामुळे वाचकालाही ‘हे वाङ्मय आणि ही नुसती करमणूक’ अशी वाटणी करावीशी वाटली नाही. ती वाटणी आपण नंतर केली.

इथून मी एकदम अर्धशतक ओलांडून बाबुराव अर्नाळकरांकडे येतो. मधल्या काळात नाथमाधव आहेत आणि आणखी बरंच काही आहे. त्याची दखल पुढच्या प्रकरणांत घेतली आहे.

अर्नाळकरांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हजार हा आकडा वाचून आपण पुढे जातो, पण जरा हिशेब करून बघा : महिन्याला दोन पुस्तकं लिहिली तरी हजार व्हायला चाळीस वर्षांहून जास्त लागतात. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं गिरणगावापासून कोकणातल्या एस.टी. स्टँडपर्यंत पोचली. धनंजय-छोटूत शेरलॉक होम्स आणि वॉटसन सरळ दिसतात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

माझ्या वहीतली बिनचूक ठरलेली शेवटची पानं बहुतेक अर्नाळकरांची होती. झुंजार सापळ्यातून सुटणार, खलनायकाला शासन होणार, सज्जनाची अब्रू राहणार. हे लिहिताना मी त्यांना कमी लेखत नाही. उलट म्हणेन की अपेक्षा उंचवायची तर ती आधी असायला हवी, आणि अपेक्षा तयार करण्याचं काम अर्नाळकरांनी केलं. शाळा अर्धवट सोडलेला, दिवसभर राबून आलेला माणूस रात्री दिव्याखाली पुस्तक उघडून बसतो, हे सोपं काम आहे का? अर्नाळकरांचं वाक्य आखूड, मराठी स्वच्छ. त्या वाचकाला त्यांनी एक वचन दिलं की तुझा वेळ वाया जाणार नाही, आणि ते हजार वेळा पाळलं. फक्त, तेच वचन हजार वेळा पाळलं की ते वचन उरत नाही, ती सवय होते. सवय झालेल्या वाचकाला आणखी काही द्यायला दुसरं कुणी यावं लागतं.

त्या दुसऱ्यांसाठी जागा तयार करण्याचं श्रेय संपादकांना द्यायला हवं. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ काढलं, १९५० साली ‘मोहिनी’ आणि १९५४ साली ‘नवल’. एकच माणूस एका हाताने गंभीर ललित साहित्याचं मासिक चालवतो, दुसऱ्या हाताने विनोदाचं आणि वर अद्भुत, रहस्य, विज्ञान यांचं तिसरं. ‘हंस’ला लावलेली चाळणी ‘नवल’साठी काढून ठेवावी असं त्यांना वाटलं नाही. आमच्या लायब्ररीत ‘नवल’चा दिवाळी अंक मिळायला नंबर लावावा लागे, आणि काका तो आधी स्वतः वाचून मगच फडताळात ठेवत. आमची त्यावरची तक्रार अर्थातच चालली नाही.

नारायण धारप हे माझ्या वहीतले ‘अर्धं बरोबर’वाले. त्यांची भीती सायीसारखी धरत जाते. आधी वाड्याचं वर्णन, जिन्याच्या पायऱ्या, कुणीतरी सहज बोललेलं वाक्य. परदेशी पुस्तकांचं ऋण त्यांच्यावर भरपूर आहे. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून आली हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण अमेरिकेतल्या गावावरची छाया आपल्याकडच्या वाड्यात उतरवायची तर केवळ नावं बदलून भागत नाही. आपला माणूस कशाला घाबरतो, काय लपवतो, कुणापुढे हात जोडतो, हे ठाऊक असावं लागतं. धारपांना ते होतं. त्यांच्या कथांतले समर्थ आले की वाचक श्वास सोडायचा. आता सुटलो. मी तेवढं बरोबर ओळखायचो. सुटकेसाठी काय मोजावं लागणार, ते मात्र चुकायचं.

धारप २००८ साली गेले. त्यानंतर दहा वर्षांनी ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शकाने धारपांच्या कथेचं ऋण उघडपणे सांगितलं आहे आणि नाव घेतलं आहे ते श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. एका चित्रपटात भयकथालेखक आणि मान्यवर कादंबरीकार असे एकाच पंगतीला बसलेले पाहून मला लायब्ररीतलं फडताळ आठवलं. तिथेही ते शेजारी शेजारीच असत. काकांनी पुस्तकं आडनावांप्रमाणेही लावली नव्हती, दर्जाप्रमाणे तर नाहीच. उंचीप्रमाणे लावली होती.

रत्नाकर मतकरींनी धारपांच्या वाचकाकडून समर्थ काढून घेतले. ही माझी भाषा आहे, त्यांची नाही. पण वाचक म्हणून मला तसंच झालं. मतकरींच्या गूढकथेत कुणी सोडवायला येत नाही. भूत आहे की नाही हेही धड कळत नाही. बँकेत नोकरी करणारा माणूस, दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आजारी म्हातारी, शेजारची मुलगी, एक जुनं कपाट. कुठेही पडकं देऊळ नाही, अमावस्या नाही. मतकरी स्वतः कित्येक वर्षं बँकेत होते, त्यामुळे त्यांना खातेपुस्तकातल्या ओळीत भीती कुठे दडते ते माहीत असावं! रंगभूमीचा माणूस असल्यामुळे संवाद कुठे तोडायचा हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ हातात घेऊन बसलेल्या वाचकाला कळून चुकतं की धोका बाहेरून आत येत नाहीये. तो घरात आधीपासून होता, बहुधा कथा सांगणाऱ्याच्याच मनात.

त्यांच्या एका कथेचं शेवटचं पान आमच्या प्रतीतून गेलं होतं. मी वहीत चार वेगवेगळे शेवट लिहिले. चारही पटण्याजोगे होते. वर्षभराने दुसरी प्रत मिळाली तेव्हा खरा शेवट फक्त सहा ओळींचा निघाला आणि त्यात काहीच उलगडून सांगितलेलं नव्हतं. मी चिडलो. दुसऱ्या दिवशी कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि सगळं तिथेच, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, उघड्यावर ठेवलेलं सापडलं. रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचायची असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. ‘दिवाणजी’ लिहिणाऱ्या त्या पेन्सिलवाल्याला या कथेवर काय लिहिता आलं असतं?

मतकरी १९३८ सालचे. त्याच वर्षी कोल्हापुरात जयंत नारळीकर जन्मले. एकाने वाचकाला घराच्या आत नेलं, दुसऱ्याने आकाशगंगेच्या पार. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तिच्यात ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करून जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ आपली पहिली मराठी गोष्ट टोपणनावाने स्पर्धेला पाठवतो. स्वतःचं नाव घातलं असतं तर परीक्षकांची पंचाईत झाली असती आणि आपली गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते का, हे त्यांना कधीच कळलं नसतं. गुरू हॉइल यांनीही विज्ञानकथा लिहिल्या होत्या. त्यामुळे मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहाव्यात की नाहीत असला प्रश्न या घराण्यात नव्हताच.

त्याआधी मराठीत विज्ञानकथा नव्हती असं नाही. पण तिच्यात बहुधा एखादा विक्षिप्त प्रोफेसर असायचा, त्याचं यंत्र असायचं आणि यंत्राने काय करावं याला काही धरबंध नसायचा. नारळीकरांनी नियम आणला. तुम्ही विश्वाचा एखादा नियम वाकवा, पण मग बाकीचे पाळा. वाचकाला हे फार आवडलं, कारण यात त्याच्या बुद्धीचा मान होता. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आठवा. क्रिकेट, गोलंदाज आणि घरातली गणपतीची मूर्ती, सगळं ओळखीचं. उजव्या हाताचा माणूस डावखुरा कसा झाला, हे कोडं. उत्तर मोबियसच्या पट्टीत. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची की झाली ती पट्टी. तिच्यावरून फिरून आलेली आकृती डाव्याची उजवी होऊन परतते. ती कथा वाचून झाल्यावर मी खरोखरच वहीचा कागद कापून पट्टी केली आणि तिच्या मधोमध बोट फिरवत बसलो. भुताची गोष्ट वाचून कुणी प्रयोग करायला बसत नाही. इथे खुनी शोधायचा आनंद होता आणि वर त्याचा पुरावा हातात धरता येत होता.

पण माझ्या खेळाला खरं उत्तर देणारी कथा दुसरीच. ‘गंगाधरपंतांचे पानिपत.’ इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पडतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. मुलाच्या ऑफिसात चौकशी करतात तर तिथे त्या नावाचा कुणी माणूसच नाही. गोंधळलेला इतिहासकार कुठे जाईल? लायब्ररीत. तिथे स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळताना त्यांना दिसतं की १७६१चं पानिपत या जगात मराठ्यांनी जिंकलेलं आहे. भाऊसाहेबांची बखर ते बघतात, ती नकळत त्यांच्या खिशात जाते, पुढे आझाद मैदानावर व्यासपीठावर चढून गोंधळ घालतात आणि परत आपल्या जगात येतात. बखर हरवलेली. खिशात उरलेलं असतं तिचं एक फाटकं पान, ज्यावर विश्वासरावाला लागायची ती गोळी कानाला चाटून जाते.

एक फाटकं पान! मी उडालोच. आमच्या लायब्ररीतल्या पुस्तकांतून जे पान गायब असायचं ते जणू इथे येऊन पडलं होतं. बाकी सगळं पुस्तक नाही, फक्त पान आहे, आणि त्या एका पानावर एका जगाची साक्ष आहे. पानिपतच्या जखमेवर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. ‘विश्वासराव पडले नसते तर’ हा उसासा तर घराघरात टाकला जातो. नारळीकरांनी तो उसासा उचलला आणि त्याला पुंजभौतिकीचा आधार देऊन विचारलं, बरं, पडले नाहीत. आता पुढचं सांगा. साधा लेखक तिथे विजयाचा झेंडा लावून मोकळा झाला असता. नारळीकर एक प्राध्यापक आणि एक कागद एवढंच हातात ठेवतात. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर लिहू लागले तेव्हा त्यांचा वाचक ‘यंत्र कसं चालतं’ हे विचारणारा होता. तो फुकट मिळालेला नव्हता.

मुलांच्या बाजूने हेच काम भा. रा. भागवतांनी केलं. आधी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, मग फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवला. ‘ट्टॉक’ एवढ्या आवाजावर पिढ्या वाढल्या. सुहास शिरवळकरांनी रहस्यकथांचा ढीग लिहिता लिहिता ‘दुनियादारी’ लिहिली आणि कॉलेजच्या कट्ट्यावरच्या वाचकाला कळलं की खून न पडताही पान सोडवत नाही. शिरवळकर २००३ साली गेले. ‘दुनियादारी’वरचा चित्रपट २०१३ साली आला तेव्हा थिएटरात बसलेल्या अर्ध्या लोकांना संवाद आधीच पाठ होते. या दोघांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थांबतो.

आता एक नावडतं बोलतो. अपेक्षा उंचावल्याचा फायदा सगळ्यांनाच झाला असं नाही. मतकरींनंतर ‘गूढकथा’ हा शब्द कशालाही चिकटवला जाऊ लागला. शेवट न सुचलेली प्रत्येक कथा गूढ ठरली. नारळीकरांनंतर काही विज्ञानकथांत पहिली सहा पानं पाठ्यपुस्तक आणि उरलेली दोन गोष्ट, असा प्रकार सुरू झाला. मोठ्या लेखकाची अनुकरणं होतात ती त्याच्या सवयींची. त्याची शिस्त कुणी उचलत नाही. दुसरी गोष्ट, वाचक चोखंदळ झाला की मधल्या दर्जाचं, प्रामाणिक, महिन्याला एक पुस्तक देणारं दुकान बंद पडतं. दूरदर्शन आलं, केबल आली ही कारणं खरीच; पण रहस्यमाला बंद पडल्या त्यात आमच्यासारख्या बिघडलेल्या वाचकांचाही हात आहे. आम्ही नाक मुरडून निघून आलो आणि दहा वर्षांच्या पोराला वाचनाची पहिली चटक लावायला मागे कुणी उरलं नाही. अर्नाळकर नसतील तर मतकरींपर्यंत पोचायचं कुठल्या जिन्याने? याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि या पुस्तकातही ते सापडणार नाही.

पुढची प्रकरणं गेल्या काही वर्षांत सुटीसुटी लिहिली गेली. त्यांत पुनरुक्ती आहे, एका-दोन ठिकाणी मी स्वतःलाच खोडून काढलं आहे. ते तसंच ठेवलं. कथांचे शेवट मी शक्यतो सांगितलेले नाहीत. जिथे सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं तिथे आधी तशी सूचना केली आहे. समासातल्या पेन्सिलवाल्याच्या पंगतीला जाऊन बसण्याची माझी इच्छा नाही.

मालककाका आता नाहीत. त्यांच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लायब्ररी मोडली तेव्हा पुस्तकं किलोवर गेली आणि मला कळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. म्हणून एक विनंती करतो. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात जुने ‘नवल’, ‘हंस’, अर्नाळकरांच्या चिमुकल्या रहस्यमाला, धारपांच्या पहिल्या आवृत्त्या पडून असतील तर त्या रद्दीवाल्याला देऊ नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात एकदा विचारून पाहा, घेणारे असतात. आणि देण्याआधी शेवटची पानं जागेवर आहेत का तेवढं बघून घ्या.